तीस–पूज्य

अण्णा, वर्तमानपत्रात द्यायच्या मजकुरात दादानं तुमच्या नावाआधी 'पूज्य' लिहिलं आणि मला हसू फुटलं. घर माणसांनी भरलेलं, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि मी तोंडाला पदर लावून हसत होते. आत्याला वाटलं मला हुंदका आवरत नाहीये. तिनं मला जवळ घेऊन पाठ थोपटली. दादाला मात्र बरोबर कळलं. तो डोळे वटारून म्हणाला, "सुमे, आज तरी पुरे कर." मी म्हटलं, "लिही रे. अगदी योग्य शब्द लिहिलायस."

बाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही. गेलेल्या बापाला पूज्य नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं? पण तुमच्या लहानपणी शाळेत 'एकावर पूज्य दहा' असं घोकून घ्यायचे, आणि शून्याला पूज्य म्हणायची ती सवय तुम्ही मिरजेकडून पिंपरीला आलात तेव्हा तुमच्या ट्रंकेबरोबर आली. दादाला गणितात भोपळा मिळाला तेव्हा तुम्ही आईला म्हणाला होतात, "चिरंजीवांना पूज्य मिळालंय, पाया पडा त्यांच्या." मग तोच शब्द तुम्ही टेनिसच्या कोर्टावर आणलात आणि तिथून तो माझ्या तोंडात बसला. आपलं जे बिनसलं ते त्या एका शब्दावरून बिनसलं. त्यावर तुम्ही जन्मभर अवाक्षर काढलं नाहीत आणि तसेच गेलात. आता मी बोलते. आता तुम्हाला "चहा गार होतोय" म्हणून उठून जाता येणार नाही.

पहाटे तुम्ही मला कधी हाक मारली नाहीत. माझ्या कानाशी रॅकेट धरायचात आणि जाळीवर नखानं टिचकी मारायचात. टुंग. जाळी ताठ असली की आवाज उंच यायचा, पावसाळ्यात सैल पडली की भरड. त्या आवाजावरून मला डोळे न उघडता बाहेरची हवा कळायची. मी उठून फ्रॉकवर स्वेटर चढवायची, तुम्ही स्टोव्हवर दूध ठेवलेलं असायचं, आणि आई झोपेतच म्हणायची, "कानटोपी घाला तिला." थंडीत कंपनीच्या कॉलनीतल्या दिव्यांभोवती धुकं असायचं, औषधाच्या कारखान्याचा उग्र वास वाऱ्याबरोबर यायचा, आणि आपण दोघं क्लबाच्या मागच्या फाटकानं आत शिरायचो. पुढच्या फाटकानं यायची आपल्याला परवानगी नव्हती.

कोर्ट ऑफिसर लोकांचं होतं. तुम्ही ड्रॉइंग ऑफिसातले ड्राफ्ट्समन. तुम्हाला त्या कोर्टावर पाय ठेवायचा काही अधिकार नव्हता. पण लहानपणी तुम्ही कुठल्याशा संस्थानी क्लबात खेळ शिकला होतात, आणि कॉलनीतल्या स्टाफच्या पोरांनी नुसत्या गोट्या आणि विटीदांडू खेळत मोठं व्हावं हे तुम्हाला बघवत नव्हतं. तुम्ही मोठ्या साहेबांना भेटलात. पुन्हा भेटलात. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, पहिल्या पाळीचा भोंगा होईपर्यंत मुलांना खेळवा, त्यानंतर कोर्टावर कोणी दिसता कामा नये. कोर्टाची देखभालही मुलांनीच करायची. तुम्ही घरी आलात ते उड्या मारतच. आईला म्हणालात, "कोर्ट मिळालं!" आई म्हणाली, "मिळालं कुठं, सारवायला दिलंय."

खरंच सारवायलाच दिलं होतं. मुरमाचं कोर्ट, त्यावर शेणकाला. नदीपलीकडच्या रहाटणीहून काशीबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन यायची आणि आम्ही पोरं रांगेत बसून, फ्रॉक खोचून, हात फिरवत मागे मागे सरकायचो. काशीबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. एकदा तिनं तुम्हाला विचारलं, "जोशीबुवा, शेण आमचं, सारवणार ही लेकरं, अन् सांच्याला खेळणार सायेब व्हय?" तुम्ही हसून म्हणालात, "सकाळी आपली पोरं खेळतात की, काशीबाई." ती म्हणाली, "मंग बेस हाय. न्हाई तर म्या दुसरीकडं थापीन गवऱ्या." तुम्ही जोशी नव्हतात, जोगळेकर होतात, पण ती तुम्हाला शेवटपर्यंत जोशीबुवाच म्हणत राहिली. परवा ती आली होती, अण्णा. दारातूनच हात जोडले आणि रडत परत गेली.

सारवण वाळलं की तुम्ही फक्की मारायचात. चुन्याची ती रेघ तुमच्या हातून जशी उतरायची तशी मी नंतर कुठेच पाहिली नाही. दिवसभर कागदावर रेघा ओढणारा माणूस सकाळी जमिनीवर ओढायचा, आणि तिथेच जास्त खूश असायचा. ऑफिसातले अण्णा मला एकदाच दिसले, मी डबा द्यायला गेले होते तेव्हा. पाठीत वाकून "येस सर, येस सर" करणारे. मला वाटलं हे कोणी दुसरेच. सकाळचे अण्णा पाठ ताठ ठेवायचे. "पाठ, सुमे, पाठ! कण्यानं खेळतात टेनिस, हातानं नाही." हे तुमचंच वाक्य.

मजा किती केली आम्ही! चेंडू ऑफिसरांनी टाकून दिलेले, लव झडून गुळगुळीत टकले झालेले. तुम्ही सर्व्हिसच्या चौकोनाच्या कोपऱ्यात तुपाचा रिकामा डबा ठेवायचात. चेंडू डब्यावर बसला की ठण्ण आवाज व्हायचा आणि सगळी पोरं "गेला, गेला, डबा गेला!" म्हणून नाचायची. ज्यानं डबा वाजवला त्याला लिमलेटची गोळी. तुमच्या खिशातल्या गोळ्या घामानं एकमेकींना चिकटलेल्या असायच्या, तरी आम्ही त्यांच्यासाठी जीव टाकायचो. पहिल्या पाळीला निघालेली माणसं सायकली कुंपणाला टेकवून बघत उभी राहायची. "ओ राव, ती बारकी बघा, काय हाणतीय!" असं कोणी म्हणालं की माझा पुढचा फटका हमखास मेंदीच्या कुंपणात जायचा आणि तुम्ही म्हणायचात, "स्तुती ऐकायची असेल तर कानानं ऐक, रॅकेटनं नको."

आणि पूज्य. टेनिसमध्ये शून्याला लव्ह म्हणतात, आणि आधी आम्हीही तेच ओरडायचो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी एका सकाळी खिडकी उघडून तुम्हाला झापलं होतं ते तुम्हाला आठवत असणारच. "अहो जोगळेकर, सकाळच्या पारी ही मुलं-मुली लव्ह-लव्ह काय ओरडत असतात? इकडे आमची देवपूजा चाललेली असते!" पोरं खुदुखुदू हसायला लागली. तुम्ही गंभीर तोंड करून वर पाहिलंत आणि म्हणालात, "काकू, उद्यापासून पूज्य म्हणतील. तुमच्या पूजेलाही शोभेल." दुसऱ्या दिवसापासून आमच्या कोर्टावर लव्ह बंद. पंधरा–पूज्य, तीस–पूज्य, चाळीस–पूज्य. सर्व्हिस करणाऱ्यानं आकडा खणखणीत आवाजात सांगायचा, समोरच्याला ऐकू जाईल असा, हा तुमचा नियम होता. एकही गेम न घेता जो हरेल तो त्या दिवसाचा 'परमपूज्य'. त्याच्या सगळ्यांनी पाया पडायचं आणि त्यानं "आयुष्मान भव" म्हणत चेंडू गोळा करायचे. मी किती वेळा परमपूज्य झाले असेन! तुम्ही स्वतः येऊन माझ्या पाया पडायचात तेव्हा मला हरल्याचं वाईट वाटायचंच नाही.

हे सगळं मी विसरले नाही, अण्णा. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही नुसते वाईट असतात तर मला इतका त्रास झाला नसता.

आसपासच्या कंपन्यांच्या मुलांचे सामने आपल्या कोर्टावर भरले तेव्हा मी आठवीत होते. थंडीतला रविवार. खुर्च्या मांडलेल्या, टेबलांवर पांढरे कपडे, सुतारखात्यानं अंपायरसाठी बनवलेली उंच खुर्ची, आणि तिच्यावर बसलेले मोठे साहेब. साहेब उत्तरेकडचे, मराठी त्यांना येत नव्हतं. आईनं तुमच्या जुन्या पांढऱ्या पँटीचा माझ्यासाठी चुण्यांचा स्कर्ट शिवला होता. मुलींच्या फायनलला माझ्यासमोर शेजारच्या कंपनीच्या मॅनेजरची मुलगी होती, पुण्याच्या इंग्रजी शाळेतली रेणू. तिच्याकडे नवी रॅकेट, पायात खरे टेनिसचे बूट. माझ्या पायात शाळेचे कॅनव्हास, खडूनं पांढरे केलेले. तुम्ही नेटच्या खांबाशी उभे होतात, हातात चेंडू घेऊन. आपली सकाळची सगळी पोरं मागच्या रांगेत मांड्या घालून बसली होती.

पहिला सेट मी घेतला. तो कसा घेतला ते मला आठवत नाही, मी फक्त चेंडू बघत होते, तुम्ही सांगितलं होतं तसा, रॅकेटला लागेपर्यंत. दुसऱ्या सेटमध्येही मी पुढे होते. तोवर आकडा मी तोंडातल्या तोंडात म्हणत होते, पण आता सर्व्हिसला उभी राहिले आणि सवयीनं, खणखणीत आवाजात म्हणाले, "तीस–पूज्य!"

आकडा अंपायर सांगतो, खेळाडूनं सांगायचा नसतो, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या कोर्टावर अंपायर कधी होताच कुठे?

रेणूनं हात वर करून खेळ थांबवला. साहेब खुर्चीतून वाकले. "व्हॉट? हू इज पूजा?" खुर्च्यांमधून हशा उठला. साहेबांना तो हशा आवडला. त्यांनी तुमच्याकडे वळून आणखी मोठ्यानं विचारलं, "मिस्टर जोगळेकर, ये आपकी लडकी क्या बोल रही है? पूजा कौन है, भाई?"

मी तुमच्याकडे पाहिलं. मला हसू येत होतं, खरं सांगते. मला वाटलं आता तुम्ही काकूंची गोष्ट सांगाल, खिडकी, देवपूजा, सगळं रंगवून, आणि साहेबांसकट सगळे पोट धरून हसतील. तुम्ही इतकी छान सांगायचात ती. तुम्ही हसलात. पण ते ऑफिसातलं हसू होतं. पाठ वाकली. "आय डोन्ट नो, सर, व्हेअर शी पिक्ड इट अप," तुम्ही म्हणालात. आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कपाळाला आठ्या घालून: "सुमे, लव्ह म्हणतात त्याला. किती वेळा सांगितलं तुला!"

किती वेळा सांगितलं, अण्णा? पूज्य म्हणू नको असं एकदा तरी सांगितलं होतंत?

मागच्या रांगेतल्या पोरांकडे माझी नजर गेली. शब्द कोणाचा ते त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळी खाली बघत होती. लहान होती बिचारी. तुम्ही लहान नव्हतात.

साहेब काही दुष्ट नव्हते. ते प्रेमानंच म्हणाले, "कम ऑन, बेटी. से इट. थर्टी–लव्ह." ज्या शब्दावरून आमच्या कोर्टावर खिडक्या उघडायच्या, जो मुलींनी मोठ्यानं म्हणायचा नाही असं आम्हाला ठरवून दिलेलं, तो आता अख्ख्या कॉलनीपुढे, मोठी मुलं बसली होती त्यांच्यापुढे, मी म्हणायचा होता. "म्हण की गं, लव्ह!" मागून कोणीतरी ओरडलं आणि शिटी वाजली. साहेब खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत वाट बघत होते. तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "म्हण ना आता. तमाशा नको."

मी म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यानंतर माझा एकही चेंडू नेटच्या पलीकडे नीट गेला नाही. सर्व्हिस नेटमध्ये, दुसरी बाहेर, पुढची पुन्हा नेटमध्ये. तो गेम गेला, सेट गेला, तिसरा सेट तर मी खेळले असं म्हणवत नाही. रेणूनं शेवटी नेटपाशी येऊन माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "पण पूजा कोण गं खरंच?" ती एकटीच तेवढी खऱ्या कुतूहलानं विचारत होती.

घरी येताना तुम्ही माझ्या पुढे चालत होतात, दोन्ही रॅकेटी खांद्यावर घेऊन. जेवताना तुम्ही आमटीत मीठ कमी आहे म्हणालात. एवढंच. मी वाट बघत होते. मला वाटलं साहेब, खुर्च्या, टेबलं सगळं आवरून झालं की तुम्ही माझ्याजवळ येऊन बसाल.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही माझ्या कानाशी टिचकी वाजवलीत. टुंग. जणू काही झालंच नव्हतं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तुम्ही पुन्हा वाजवलीत, थोडे थांबलात आणि गेलात. कितीतरी सकाळी तुम्ही येत राहिलात. मी जागीच असायची. एकदा जरी तुम्ही तोंड उघडलं असतंत, एकदा जरी नुसतं "सुमे" म्हणाला असतात, तर मी उठले असते. मग टिचकी बंद झाली. मी शाळेत जाताना पोरं सायकलवरून "लव्ह, लव्ह!" करत जायची ते बरेच महिने चाललं, तेही तुम्ही ऐकलंत. आई म्हणाली, "जाऊ दे, आता मोठी झालीस, पुरे झालं ते उड्या मारणं." तुम्ही त्यावरही काही बोलला नाहीत. मी खेळ सोडला तो साहेबांमुळे नाही आणि त्या पोरांमुळेही नाही.

आईचा आणि माझा यावरून किती वाद झाला असेल! आई नेहमी तुमच्या बाजूनं. "माळ्यानं तक्रार केली होती, मुलं रोपं तुडवतात म्हणून. साहेब सकाळचं खेळणं बंद करायच्या विचारात होते. यांनी त्या दिवशी साहेबांना दुखवलं असतं तर सगळ्याच पोरांचं कोर्ट गेलं असतं. त्यांनी कोर्ट राखलं, सुमे." राखलंत खरं. त्यानंतरही इतकी वर्षं पोरं तिथे खेळली, अजून खेळतात. पण साहेबांना दुखवायला कोणी सांगितलं होतं? 'शब्द माझा आहे, सर,' एवढ्यानं कोणता साहेब दुखावतो? तो हसला असता आणि विसरून गेला असता. मला सगळ्यात राग याचाच येतो की तुम्हाला फार मोठं काही करायचंच नव्हतं.

लग्न होऊन मी कोल्हापूरला गेले. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून रॅकेट वाकू नये म्हणून तिला लावायच्या लाकडी चौकटीचे स्क्रू आवळत होतात. मी चहा आणून ठेवला आणि सरळ विचारलं, "अण्णा, पूज्य हा शब्द कोणाचा होता?" तुम्ही वर पाहिलं नाहीत. "चहा गार होतोय," म्हणालात, कप उचललात आणि आत गेलात. नंतर एकदा माझ्या पोराच्या हातात तुम्ही टकला चेंडू दिलात आणि तो घेऊन तो अंगणभर धावला. तुमच्याकडे बघून मला भडभडून आलं. त्याही वेळी मी म्हटलं, "त्याला आकडे कसे शिकवणार?" तुम्हाला नीट कळलं मी काय विचारतेय. तुम्ही म्हणालात, "आधी पळू तर दे त्याला." प्रत्येक वेळी तुम्ही असा चेंडू बाहेर जाऊ द्यायचात, आणि मी तो आणायला धावायची.

दवाखान्यातही तेच. मी रात्रीच्या गाडीनं उभी राहून आले होते. तुमचा हात हातात घेतला, तो इतका हलका लागला की मला तुमच्यावर रागावता येईना. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "कोर्टाला पाणी मारलं का कोणी?" मी म्हटलं, "मारलं." तुम्ही म्हणालात, "उतार चुकलाय त्याचा. पाणी एकीकडेच साचतं." मी वाकून थांबले होते, अण्णा. तुमच्या तोंडाशी कान नेऊन. तुम्ही उताराबद्दलच बोलत राहिलात, आणि मग झोप लागली.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी मला अंधारातच जाग आली. घर पाहुण्यांच्या घोरण्यानं भरलेलं. तुमची रॅकेट खुंटीला होती, तिला मी हात लावला नाही. शाल घेतली आणि क्लबाच्या मागच्या फाटकानं आत गेले. कोणी शिकवणारं नसताना पोरं येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आली होती. त्यांनी स्वतः फक्की मारली होती, वाकडीतिकडी. कोपऱ्यात डबाही ठेवला होता. दोन वेण्यांची एक मुलगी सर्व्हिसला उभी राहिली, चेंडू आपटला आणि मोठ्यानं म्हणाली, "तीस–पूज्य!"

गेम संपल्यावर मी कुंपणाशी जाऊन तिला विचारलं, "ए, पूज्य म्हणजे काय गं?"

"तुम्हाला टेनिस येत नाही का, मावशी?" ती म्हणाली. "पूज्य म्हणजे काहीच नाही. भोपळा. इंग्लिशमध्ये लव्ह म्हणतात, पण आपल्या कोर्टावर पूज्यच म्हणायचं."

"असं कोणी सांगितलं?"

"अण्णांनी. त्यांच्या मुलीनं काढलाय हा शब्द. ती ना, फायनलमध्ये, मोठ्या साहेबांच्या समोर, एवढी माणसं बसलेली तरी पूज्य म्हणाली होती. साहेब म्हणाले लव्ह म्हण, तरी ती पूज्यच म्हणाली. अजिबात घाबरली नाही. अण्णा म्हणायचे, तिच्यासारखं खणखणीत म्हणा."

मी कुंपणाला धरून उभी होते. अण्णा, एक क्षणभर माझं सगळं विरघळलं. इतकी वर्षं तुम्ही रोज सकाळी या पोरांना माझी गोष्ट सांगत होतात. जे मी करायला हवं होतं ते माझ्या नावावर करून दिलं होतंत, आणि जे झालं होतं ते पुसून टाकलं होतंत. मला वाटलं, हीच ती तुमची माफी, तुम्हाला जमली तशी. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. आणि मग मी विचारायला नको होतं ते विचारलं.

"तेव्हा अण्णा काय म्हणाले गं साहेबांना?"

"अण्णा?" तिनं वेणी मागे टाकली. "अण्णा नव्हतेच ना तिथे. त्यांची ड्यूटी होती त्या दिवशी. त्यांना नंतर कळलं सगळं."

पलीकडून तिच्या जोडीदारानं हाक मारली. भोंगा व्हायच्या आत सेट संपवायचा होता. ती पळत गेली. मी तिला काही सांगितलं नाही. तिच्या गोष्टीतली ती न घाबरणारी मुलगी तिला सर्व्हिसच्या वेळी उपयोगी पडते, ती मी का काढून घेऊ?

पण तुम्हाला सांगते. तो शब्द माझा नाही, तुमचा आहे, तुमचा तुम्ही घेऊन जा. आणि मी पूज्य म्हणत राहिले नाही, मी लव्ह म्हणाले, कारण तुम्ही म्हणायला लावलंत. ड्यूटीवर असलेल्या बापावर मी कधी रागावले नसते. रविवार होता, अण्णा. कंपनीला सुट्टी होती. तुम्ही नेटच्या खांबाशी उभे होतात, माझ्यापासून चार पावलांवर, हातात चेंडू घेऊन. तुम्ही माफी मागावी असं मी कधी म्हटलंच नव्हतं. 'होतो मी तिथे, सुमे,' एवढंच तुमच्या तोंडून ऐकायला मी दवाखान्यात तशी वाकून थांबले होते.